पंप बिघडला की पाणी अडले?

गोष्ट २०१९ सालच्या मे महिन्यातली आहे. माझा एक जुना विद्यार्थी कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात देखभालीचे काम पाहतो. एके दिवशी सकाळी त्याचा फोन आला. “सर, नवा पंप बसवला तरी फिल्टरमधून पाणी येत नाही. एकदा येऊन बघाल का?” मी पदार्थविज्ञान शिकवतो, पंप दुरुस्त करत नाही. हे त्यालाही ठाऊक होते. पण तोवर कारखान्याने करण्यासारखे सगळे करून पाहिले होते, आणि रंगखात्यातली माणसे तीन दिवस नुसती बसून होती.

विद्यार्थी मित्रहो, आधी तिथली मांडणी डोळ्यांसमोर आणा. आवारात एक जुनी विहीर आहे. विहिरीच्या काठावर विजेचा पंप. पंपातून पाणी एका उभ्या पोलादी टाकीत जाते. ही टाकी म्हणजेच वाळूचा फिल्टर. तिचा व्यास १ मीटर, आत तळाला गोटे आणि त्यांवर सुमारे ६० सेंटीमीटर जाडीचा बारीक वाळूचा थर. पाणी वरून शिरते, वाळूतून झिरपत खाली येते आणि तिथून ८ मीटर उंचीवरच्या टाकीत चढते. सगळे ठीक असताना तासाला सुमारे १० हजार लिटर पाणी मिळायचे. फिल्टरच्या आत जाणाऱ्या नळीवर एक आणि बाहेर पडणाऱ्या नळीवर एक असे दोन दाबमापक बसवलेले होते. त्यांच्या काचांवर इतकी धूळ होती, की आकडे वाचण्याआधी रुमालाने पुसाव्या लागल्या. आपली सगळी गोष्ट या दोन काट्यांभोवती फिरणार आहे.

एप्रिलपासून पाणी हळूहळू कमी होत गेले. फिल्टर तुंबला असेल असे समजून दिवसातून तीन-तीन वेळा तो उलटा धुतला गेला. म्हणजे खालून वर पाणी सोडून वाळू घुसळली आणि गढूळ पाणी गटारात सोडले. फरक पडला नाही. मग पंप म्हातारा झाला असे ठरले, आणि २ अश्वशक्तीचा पंप काढून ५ अश्वशक्तीचा नवा पंप आणला. तरीही पाणी तेवढेच. आता वाळू बदलण्याची तयारी चालली होती.

मी पोचलो तेव्हा मिस्त्री हातात पाना घेऊन फिल्टरच्या झाकणाजवळ उभे होते. पंप बंद होता, त्यामुळे झाकणाचे बोल्ट सोडायला हरकत नाही असे त्यांना वाटत होते. मी म्हटले, “मिस्त्री, जरा थांबा. काटा बघा.” पंप बंद असूनही काटा ०.८ वर होता.

असे का? कारण वरच्या टाकीपर्यंत ८ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ नळीत उभा होता आणि त्याचे सगळे ओझे फिल्टरवर होते. १० मीटर उंचीचे पाणी दर चौरस सेंटीमीटरवर १ किलोग्रॅमचा भार देते. कारखान्यात याला नुसते ‘१ किलो प्रेशर’ म्हणतात, आपणही तसेच म्हणू. म्हणून ८ मीटरला ०.८ किलो. ऐकायला किरकोळ वाटते. पण त्या झाकणाचा व्यास ४० सेंटीमीटर होता, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १२५७ चौरस सेंटीमीटर. गुणाकार करा. झाकणावर आतून १००० किलोग्रॅमहून अधिक भार होता. शेवटचे दोन बोल्ट ढिले करताना मिस्त्रींचा चेहरा नेमका त्या झाकणावर आला असता. बंद पंप म्हणजे शून्य दाब नव्हे. आणि काटा शून्यावर दिसला तरी तो अडकलेलाही असू शकतो. म्हणून आधी झडपा बंद करायच्या, मग हवा सोडण्याचा नळ उघडून आतला दाब पुरता गेल्याची खात्री करायची, आणि त्यानंतरच पान्याला हात लावायचा.

झाकण तसेच राहू दिले आणि पंप चालू केला. नवा पंप जोडताना तीन तारांपैकी दोन उलटसुलट लागल्या, तर मोटार उलटी फिरते. गंमत अशी की अपकेंद्री पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच दिशेने फेकतो, फक्त पुष्कळ कमी दाबाने. त्यामुळे चूक ध्यानात येत नाही. मी सर्वांत आधी पंपावरचा बाण पाहिला. दिशा बरोबर होती.

मग दोन्ही काटे वाचले. आतला ०.८५, बाहेरचा ०.८, आणि आतला सारखा थरथरत होता. विद्यार्थ्याने जुनी वही काढली. जानेवारीत फिल्टर नुकताच धुतलेला असताना आत १.४ आणि बाहेर १.१ अशी नोंद होती.

एकेका आकड्याकडे पाहिले तर दाब कमी झाला एवढेच कळते. खरी माहिती असते ती दोन आकड्यांच्या वजाबाकीत. हे समजण्यासाठी थोडे फ्रान्सला जाऊन येऊ.

दीजाँ या शहरात हेन्री डार्सी नावाचे अभियंते होते. त्यांनी शहराला दूरच्या झऱ्याचे पाणी आणून दिले होते. पाणी गाळण्यासाठी वाळूचा थर किती मोठा हवा, हे ठरवायला त्यांना नियम हवा होता. म्हणून त्यांनी तिथल्या रुग्णालयात ३५ सेंटीमीटर व्यासाच्या उभ्या नळात वाळू भरली, वरून पाणी सोडले आणि वाळूच्या वरचा व खालचा दाब मोजत गेले. १८५६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: वाळूतून वाहणारे पाणी हे दोन टोकांच्या दाबांतील फरकाच्या समप्रमाणात आणि थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. विजेचा ओहमचा नियम तुम्ही शिकला आहात, त्याचेच हे भावंड. विद्युत्‌दाबाच्या जागी पाण्याचा दाब, विद्युत्‌प्रवाहाच्या जागी पाण्याचा प्रवाह आणि रोधाच्या जागी वाळू.

हा प्रयोग शाळेत सहज होतो. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापा, तोंडाला कापड बांधून ती उलटी धरा आणि स्वच्छ धुतलेली वाळू भरा. वाळूवर पाण्याची पातळी कायम ठेवून मिनिटाला किती पाणी गळते ते मोजा. मग वाळूवर चमचाभर बारीक माती टाकून पुन्हा मोजा. दुसरे माप पाहून मुलांना आश्चर्य वाटते, कारण चमचाभर मातीने धार थेंबांवर येते. कणांमधल्या वाटा जितक्या अरुंद, तितका रोध वाढतो, आणि तो कणाच्या आकाराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. वाळूचा कण अर्धा मिलिमीटर आणि गाळाचा कण त्याच्या पन्नासाव्या भागाएवढा धरला, तर त्याच जाडीच्या गाळाचा रोध २५०० पट होईल (मधल्या पोकळीचे प्रमाण सारखे मानून). म्हणजे १ मिलिमीटरचा गाळ हा अडीच मीटर वाळूच्या बरोबरीचा! फिल्टर तुंबतो तो असा. सगळी वाळू खराब झालेली नसते, वरचा नखाएवढा थर पाणी अडवतो. फिल्टर उलटा धुतला की हाच थर सुटून जातो. वाळू बदलण्याची घाई सहसा व्यर्थ असते.

आता परत कारखान्यात येऊ. फिल्टर तुंबला असता तर काय दिसले असते? पंप दाब देत राहतो पण पाणी पुढे जात नाही, म्हणून आतला काटा चढला असता आणि दोन्हींतला फरक ०.३ वरून ०.८ किंवा १ किलोपर्यंत गेला असता. इथे उलट झाले होते. फरक ०.३ वरून ०.०५ वर आला होता, म्हणजे सहावा हिस्सा. वाळू जानेवारीइतकीच स्वच्छ धरली, तर डार्सीच्या नियमाने प्रवाहही सहावा हिस्सा. आणि बाहेरचा काटा? तो ०.८ दाखवत होता म्हणून मंडळी निर्धास्त होती, पण तेवढा दाब तर पंप बंद असतानाही होता!

फिल्टर निर्दोष होता. त्याच्याकडे पाणीच पोचत नव्हते. दिवसातून तीनदा तो धुण्यात ऐन मे महिन्यात कितीतरी हजार लिटर पाणी गटारात गेले होते, आणि त्या गावात तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी येत होते.

अँपिअरमापकानेही हेच सांगितले. मोटारीच्या पाटीवर ७.५ अँपिअर लिहिले होते, काटा ४.५ वर होता. “मोटारीवर ताण नाही, म्हणजे पंप चांगला आहे,” असे एकाने समाधानाने सांगितले. अपकेंद्री पंपाचा स्वभाव लोकांना उलटा वाटतो. पाणी अडले की त्याची मोटार जास्त वीज खात नाही, कमी खाते. कारण ती जेवढे पाणी फेकते तेवढेच काम करते. हलकी चालणारी मोटार म्हणजे पाणी न मिळालेली मोटार. उलट पुढे नळी फुटून पाणी मोकाट वाहू लागले, की तिचा प्रवाह वाढतो.

पंपाला पाणी का मिळत नव्हते? पंपाजवळ कान नेला तर आत खडे खळखळावेत तसा आवाज येत होता. शिवाय मिस्त्री बोलता बोलता म्हणाले, की अलीकडे रोज सकाळी पंपात बादलीभर पाणी ओतल्याशिवाय तो पाणी धरत नाही. ही तक्रार त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारले नव्हते.

पंपात पाणी ओतावे का लागते? अपकेंद्री पंपाचे चाक त्याच्यात जे असेल ते ठरावीक उंचीपर्यंत फेकते, समजा २० मीटर. आत पाणी असेल तर पाणी २० मीटर. आत हवा असेल तर हवाही २० मीटरच. पण हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी, म्हणून तिचा दाब जेमतेम अडीच सेंटीमीटर पाण्याएवढा. तेवढ्याने विहिरीतले पाणी वर कसे येणार? म्हणून नळीच्या खालच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो. पंप बंद झाला की तो मिटतो आणि नळी भरलेली राहते. रोज पाणी ओतावे लागत होते, म्हणजे फूट व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. खरे तर पंप फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर टेकलेली हवा ते पाणी नळीतून वर ढकलते. ढकलणारी हवा आहे आणि तिच्या बळाला मर्यादा आहे. गॅलिलिओच्या १६३८ सालच्या ग्रंथात याचा एक सुंदर प्रसंग येतो. एका हौदावरचा पंप पाणी देईनासा होतो. मालक कारागिराला बोलावतो. कारागीर पाहतो आणि सांगतो, की पंपात काही दोष नाही, पाणी फार खाली गेले आहे, अठरा हातांच्या पलीकडून ते चढणार नाही. हे अठरा हात म्हणजे सुमारे १० मीटर. दोरी आपल्याच वजनाने तुटावी तसा पाण्याचा स्तंभ तुटतो, असे कारण गॅलिलिओने दिले. ते चुकीचे होते. बरोबर कारण त्याचा शिष्य टॉरिसेली याने १६४४ साली पाऱ्याच्या नळीच्या प्रयोगावरून सांगितले: स्तंभाला तोलून धरते ती बाहेरची हवा.

समुद्रकाठी ही हवा १०.३ मीटर पाणी तोलते. आमचा कारखाना पठारावर, सुमारे ५५० मीटर उंचीवर. तिथे हवा थोडी विरळ, म्हणून ९.७ मीटरच. घरखर्चाचा हिशोब मांडावा तसा हा हिशोब मांडू. पगार ९.७ मीटर. ३० अंश सेल्सिअसला पाण्याची वाफच सुमारे ०.४ मीटर खाते, कारण दाब त्याखाली गेला की पाणी थंड असूनही उकळू लागते. पंपाच्या चाकात शिरताना दाब आणखी घसरतो, त्यासाठी सुमारे २ मीटर राखून ठेवावे लागतात (हा आकडा प्रत्येक पंपाचा वेगळा असतो, बनवणारा तो देतो). उरले ७.३. जानेवारीत पाणी पंपाच्या खाली ४ मीटरवर होते, तेव्हा नळीतल्या घर्षणासाठी ३.३ मीटर शिल्लक राहत. दोरीला दगड बांधून आम्ही त्या दिवशी मोजले, तर पाणी ६.५ मीटर खाली गेले होते. शिल्लक जेमतेम ०.८ मीटर.

मोठ्या पंपाने का भागले नाही, ते आता दिसेल. पंप मोठा आणला तरी हवेचा पगार वाढत नाही. उलट मोठा पंप जास्त पाणी मागतो, त्याच नळीतून ते जोराने धावते, आणि घर्षण तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. खर्च वाढला, मिळकत तीच.

पण एवढ्याने पाणी सहाव्या हिश्शावर येईल असे मला वाटेना. पंपाच्या तोंडाशी नळीला एक भोक होते, बूच मारून बंद केलेले. तिथे निर्वातमापक बसवायला सांगितला. तो मिळेपर्यंत दुपार झाली. काटा ६२ सेंटीमीटर पाऱ्यावर थांबला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे सुमारे ८.४ मीटर पाणी. त्यातले ६.५ मीटर पाणी वर चढवण्यात गेले. उरलेले १.९ मीटर कुठे गेले? एवढ्याशा प्रवाहाला रुंद नळीत इतके घर्षण लागत नाही. वाटेत काहीतरी अडकले होते, आणि हवेच्या पगारातून ९.७ वजा ८.४ म्हणजे १.३ मीटरच पंपाच्या हाती उरले होते. चाकाशी पाणी उकळत होते. त्याचे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी जाऊन फुटत होते आणि खड्यांसारखा आवाज त्यांचाच होता. याला कॅव्हिटेशन म्हणतात. बुडबुडा मिटताना एका बिंदूवर किती प्रचंड दाब निर्माण होतो, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले. अशा माऱ्याने धातूलाही देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात.

एक शंका उरली होती: सक्शनच्या नळीत कुठे हवा शिरत असेल का? अशी गळती फसवी असते, कारण तिथून पाणी बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. शीतपेयाच्या नळीला टाचणीने भोक पाडून पिऊन पाहा, म्हणजे कळेल. आम्ही सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावला. तो कुठेच आत ओढला गेला नाही.

मग नळी वर काढली. फूट व्हॉल्व्हच्या जाळीला शेवाळ आणि सुताचा गुंता असा काही लपेटला होता, की जाळी दिसतच नव्हती. प्लास्टिकच्या पिशवीचा एक तुकडा आत शिरून झडपेखाली अडकला होता. रोज सकाळी बादलीभर पाणी का लागत होते, तेही उलगडले.

जाळी साफ केली, पण तेवढ्याने भागणार नव्हते, कारण पाणी ६.५ मीटर खालीच होते. विहिरीच्या आत ३ मीटर खाली जुन्या काळचा एक दगडी ओटा होता. नवा पंप काढून जुना २ अश्वशक्तीचा पंप त्या ओट्यावर उतरवला. आता पाणी चढायचे ते ३.५ मीटरच, आणि घर्षणासाठी ३.८ मीटर शिल्लक. ओट्यावरून वर ढकलायचे काम वाढले, पण ते पंप आपल्या बळावर करतो, त्यात हवेची मर्यादा आड येत नाही.

संध्याकाळी बटण दाबले. आतला काटा १.२५, बाहेरचा १.०, दोन्ही स्थिर. फरक ०.२५, म्हणजे जानेवारीच्या सहांपैकी पाच हिस्से पाणी. उरलेला हिस्सा खाली गेलेल्या पातळीने घेतला होता. आवाज नव्हता.

मिस्त्रींनी तेलरंगाचा डबा आणला. दोन्ही दाबमापकांच्या काचांवर त्यांनी नेहमीच्या आकड्यांपाशी लाल रेघा ओढल्या. मग जरा विचार करून विहिरीच्या कठड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘मृगाआधी पंप वर घेणे.’ पावसाळ्यात विहीर भरली की तो ओटा पाण्याखाली जातो, हे मला सुचले नव्हते.